संपादन : कोणाच्या शब्दांचं?



अंकाच्या पहिल्या पानावर 'संपादन' असा शब्द छापलेला असतो. धुळे जिल्ह्यातल्या तापीकाठच्या एका गावी बैठकीत अंक वाचून दाखवत होते, तेव्हा एका आजींनी विचारलं, "संपादन म्हणजे जमीन लेतस तेच का?" बायका हसल्या. पण आजींचं काय चुकलं? आपल्याकडे हा शब्द घरात येतो तो भूसंपादनाच्या नोटिशीतून. आणि संपादणे म्हणजे मुळात मिळवणेच. यश संपादन करतात, विश्वास संपादन करतात. दुसऱ्याचा मजकूर संपादन करतात तेव्हाही काहीतरी आपल्या ताब्यात येतंच.

इंग्रजीत 'एडिट' या एका क्रियापदावर भागतं. मराठीत तपासणं, सुधारणं, दुरुस्त करणं, काटछाट, फेरफार, खाडाखोड असे कितीतरी शब्द आहेत आणि प्रत्येकाच्या पोटात एकेक गृहीत दडलेलं आहे. दुरुस्त करायचं, म्हणजे मूळ नादुरुस्त होतं. सुधारायचं, म्हणजे बोलणारी अडाणी होती. फेरफार तर तलाठ्याच्या दप्तरातला. वडील गेले, बहिणींनी हक्कसोड पत्रावर अंगठे दिले, की फेरफार नोंद होते आणि सातबाऱ्यावर भावांचीच नावं राहतात. २००५ च्या कायद्याने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला, तरी हा एक शब्द अजून भारी पडतो.

हे शब्दांचे खेळ नाहीत. आपल्या सल्ला केंद्रात येणारी बाई सांगते, "तो माले मारस." अहिराणीतल्या या 'मारस' मध्ये काल आहे, परवा आहे, उद्याची भीतीही आहे. तिची तक्रार लिहिली जाते ती अशी : 'पतीने फिर्यादीस शिवीगाळ करून मारहाण केली व शारीरिक आणि मानसिक छळ केला.' 'मारस'ची 'मारहाण केली' झाली, म्हणजे चालू असलेली गोष्ट एकदा घडून संपली. भाकरीचं पीठ मोजून देणारी सासू, पगाराच्या दिवशी बाहेरून कडी लावणारा नवरा, मोडलेली बांगडी, हे सगळं 'छळ' या एका शब्दात बुडालं. लिहिणारा दुष्ट असतोच असं नाही. त्याला वाटतं, आपण मजकूर नीट केला. आपल्यातल्या शिकलेल्या कार्यकर्त्यांनाही तसंच वाटतं. समाजकार्याच्या शिक्षणात 'केस' थोडक्यात लिहायला शिकवतात, तीच सवय पुढे चालते.

किंमत मात्र तिला मोजावी लागते. सगळ्या तक्रारी एकाच साच्यातल्या दिसल्या की समोरचा वकील म्हणतो, ही पढवलेली आहे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिहारमधल्या एका प्रकरणात सासरच्या मंडळींविरुद्धचा ४९८अ चा गुन्हा रद्द केला, कारण आरोप मोघम होते, कोणी नेमकं काय केलं ते त्यात नव्हतं. त्या प्रकरणातलं खरंखोटं मला ठाऊक नाही. पण तपशील गाळलेली तक्रार कोर्टात किती टिकते, एवढं त्यावरून कळतं.

कायद्याने दिलेली एक गोष्ट आपण पुरेशी वापरत नाही. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १५४ आणि १ जुलै २०२४ पासून त्या जागी आलेलं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३, दोन्ही सांगतात : खबर लिहून घेतली की ती देणारीला वाचून दाखवायची, मग सही, आणि प्रत मोफत द्यायची. तेव्हा सही किंवा अंगठा देण्याआधी म्हणा, "वाची दखाडा." जे निराळं वाटेल ते तिथेच बदलून घ्या.

बोली छापली तर वाचणार कोण, असं काही मैत्रिणी विचारतात. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी घरच्यांनी टिपून ठेवली. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती छापून आली, ती त्यांच्याच बोलीत. कोणी ती घासूनपुसून पुणेरी केली असती, तर आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव लागलं असतं का?

काटछाट अजिबात नको असं माझं म्हणणं नाही. पानं मोजकी आहेत, कागद महाग आहे, ऱ्हस्व-दीर्घ बिनधास्त सुधारावेत. अत्याचार झालेल्या बाईचं नावगाव गाळणं तर कायद्यानेच बंधनकारक आहे. पण तीच ती गोष्ट बाई तीनदा सांगते म्हणून दोनदा कापायची, हे मला पटत नाही. तिच्यावर ती तीनदा गुदरली असेल.

म्हणून पुढच्या अंकापासून : अनुभव पाठवताना बाईचं बोलणं आधी तिच्या बोलीत, जसंच्या तसं, टिपून पाठवा. अहिराणी, लेवा, पावरी, भिलोरी, जी असेल ती. अवघड शब्दाचा अर्थ आम्ही खाली देऊ. छापण्यापूर्वी मजकूर तुमच्याकडे परत येईल. तो तिला वाचून दाखवा आणि तिने काय बदलायला सांगितलं तेही कळवा. एवढ्यासाठी अंक पंधरा दिवस उशिरा निघाला तर वर्गणीदार मैत्रिणींनी रागावू नये.