थेंबभर रक्त आणि दोन आठवड्यांची मुदत

एखाद्या बालकाला स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी हा जनुकीय आजार असल्याचे निदान होते, १६ कोटी रुपयांच्या इंजेक्शनसाठी समाजमाध्यमांवर आवाहने होतात आणि काही दिवस सारा देश हळहळतो. ही करुणा खरी असते. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र याच देशात दरवर्षी हजारो बालके अशा एका आजारासह जन्माला येतात, ज्यावरील गोळीला दिवसाला जेमतेम काही रुपये लागतात. तरीही वेळेत निदान न झाल्याने त्यांतील अनेकांची बौद्धिक वाढ कायमची खुंटते. त्यांच्यासाठी कोणी आवाहन करत नाही, कारण ती आजारी आहेत हेच कोणाला ठाऊक नसते.

हा आजार म्हणजे जन्मजात थायरॉइड न्यूनता. अशी बालके जन्मतः बहुधा अगदी सर्वसामान्य दिसतात. पुढे बाळ सुस्त राहते, कमी रडते, कावीळ लवकर उतरत नाही, बद्धकोष्ठता होते. घरातील वडीलधारी माणसे ‘बाळ किती शांत आहे’ असे कौतुकही करतात. लक्षणे डोळ्यांत भरण्याजोगी होईपर्यंत मेंदूची हानी झालेली असते. जन्मानंतर साधारण दोन आठवड्यांच्या आत थायरॉक्सिनची गोळी सुरू झाली, तर हेच मूल इतरांसारखे शाळेत जाते आणि स्वतंत्र आयुष्य जगते. ही मुदत टळली की नंतर कितीही खर्च केला तरी गमावलेले परत येत नाही.

हे प्रमाण नगण्य नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्ली, मुंबई, चेन्नई, हैदराबाद आणि कोलकाता या पाच शहरांत एक लाखाहून अधिक नवजात बालकांची तपासणी केली. तीत दर १,१३० बालकांमागे एकाला हा विकार आढळला. चेन्नईत तर ७२७ मागे एकाला. देशात वर्षाला सव्वादोन कोटींहून अधिक जन्म होतात. पाच शहरांतील सरासरी देशभर लागू होते असे मानले, तर दरवर्षी सुमारे २० हजार बालकांचे भवितव्य या एका चाचणीवर अवलंबून आहे.

चाचणीचे तंत्रही नवे नाही. बाळाच्या टाचेतून घेतलेला रक्ताचा थेंब गाळणकागदावर वाळवून तपासण्याची पद्धत अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी १९६०च्या दशकात रूढ केली. भारतात १९८० मध्येच कर्नाटकात चयापचयाच्या विकारांसाठी असा प्रयोग झाला होता. गोव्याने २००८ मध्ये राज्यव्यापी कार्यक्रम हाती घेतला, पण काही वर्षांतच तो खंडित झाला. केरळने सरकारी रुग्णालयांत मोजक्या विकारांची तपासणी रुजवली. फिलिपाइन्ससारख्या मर्यादित उत्पन्नाच्या देशाने २००४ मध्ये यासाठी कायदा केला. आपल्याकडे मात्र प्रत्येक बालकाला लागू होईल असा रक्ततपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम अद्याप नाही.

फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने दुभंगलेले ओठ, वाकडी पावले, जन्मजात मोतीबिंदू यांसारख्या दोषांसाठी बालकांची नियमित पाहणी सुरू केली. ते मोठेच पाऊल होते. परंतु हा कार्यक्रम प्रामुख्याने डोळ्यांना जे दिसते त्यावर उभा आहे, आणि रक्तात दडलेल्या विकारांची तपासणी त्यात ऐच्छिक राहिली. परिणामी बालकाला ही संधी मिळणार की नाही, हे ते कोणत्या राज्यात वा कोणत्या रुग्णालयात जन्मले यावर ठरते.

या विषमतेचे स्वरूप समजून घ्यायचे, तर वाराणसीकडे पाहावे. काशी हिंदू विश्वविद्यालयात जनुकीय विकारांसाठी स्वतंत्र केंद्र आहे. विद्यापीठाच्या सर सुंदरलाल रुग्णालयात पूर्व उत्तर प्रदेशच नव्हे, तर पश्चिम बिहार आणि झारखंडमधूनही रुग्ण येतात. भारतात डीएनए फिंगरप्रिंटिंगचा पाया घालणारे डॉ. लालजी सिंह शेजारच्या जौनपूर जिल्ह्यातले. ते २०११ ते २०१४ या काळात या विद्यापीठाचे कुलगुरू होते, आणि जनुकीय निदान ग्रामीण माणसापर्यंत पोहोचावे यासाठी त्यांनी जीनोम फाउंडेशनची स्थापना केली होती. थोडक्यात, ज्ञान, प्रयोगशाळा आणि दृष्टी या तिन्ही गोष्टी या शहरात आहेत. पण चंदौली, गाझीपूर वा सोनभद्रमधील एखाद्या आरोग्य केंद्रात पहाटे जन्मलेले बाळ आणि ही प्रयोगशाळा यांच्यातील अंतर केवळ किलोमीटरमध्ये मोजता येत नाही.

खरी अडचण या मधल्या साखळीची आहे. जन्मानंतर पहिल्या दिवशी बाळाच्या रक्तातील टीएसएच हे संप्रेरक नैसर्गिकपणेच वाढलेले असते. म्हणून टाचेतील नमुना ४८ ते ७२ तासांनी घेणे योग्य. प्रसूतीनंतर किमान ४८ तास रुग्णालयात राहावे असा सरकारी आग्रह असला, तरी खाटांची टंचाई आणि घरची ओढ यांमुळे अनेक माता त्याआधीच परततात. यावर उपाय आहे: प्रसूतीच्या वेळीच नाळेतील रक्त घेता येते. त्यानंतर नमुना प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे आणि अहवाल काही दिवसांत आला पाहिजे. संशयित बालकाची फेरतपासणी करण्यासाठी कोणीतरी त्या घरापर्यंत जायला हवे. दिलेला मोबाइल क्रमांक बंद असतो, आई माहेरी गेलेली असते, वडील सुरतेला कामावर असतात. बाळंतिणीच्या घरी पहिले सहा आठवडे जाणारी आशा कार्यकर्तीच हा दुवा सांधू शकते. पण त्यासाठी तिला अहवाल, प्रशिक्षण आणि स्वतंत्र मानधन द्यावे लागेल. नमुने किती घेतले याचे आकडे जाहीर करून भागणार नाही; किती बालकांना दोन आठवड्यांच्या आत गोळी मिळाली, हाच कार्यक्रमाच्या यशाचा निकष असला पाहिजे.

काही आक्षेपांचा विचार आवश्यक आहे. खासगी रुग्णालये आज पन्नासहून अधिक विकारांच्या चाचण्यांचा संच विकतात. सरकारनेही तोच द्यावा, असा आग्रह भावनिकदृष्ट्या समजण्याजोगा असला तरी शहाणपणाचा नाही. कोणत्या आजारासाठी सरसकट तपासणी करावी याचे निकष विल्सन आणि युंगनर यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९६८ मध्येच मांडले होते. आजार महत्त्वाचा हवा आणि त्यावर उपचार उपलब्ध हवा, हे त्यांतील मुख्य सूत्र. उपचाराविना निदान हाती देणे म्हणजे कुटुंबाला केवळ चिंतेच्या स्वाधीन करणे होय. म्हणून आरंभ थायरॉइड न्यूनतेपासून व्हावा. त्यासोबत श्रवणचाचणी आणि हृदयदोष ओळखणारे ऑक्सिजन मापन असावे. सिकलसेलचे प्रमाण अधिक असलेल्या आदिवासी पट्ट्यांत त्याचीही तपासणी जोडावी. २०२३ मध्ये सुरू झालेल्या सिकलसेल निर्मूलन अभियानामुळे त्याची काही तयारी झालेलीच आहे.

दुसरा धोका सामाजिक आहे. मुलातील दोषाचे खापर आईवर फोडणाऱ्या समाजात जनुकीय अहवाल हे छळाचे निमित्त ठरू शकते. अनेक जनुकीय विकारांत सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडूनही आलेले असते, हे समुपदेशनात स्पष्ट सांगितले गेले पाहिजे. मुलगी असेल तर आयुष्यभराची गोळी मध्येच बंद होण्याची भीती असते. तेव्हा पाठपुराव्याची नोंद मुलगा-मुलगी अशी वेगळी ठेवावी. आणि ही माहिती विमा कंपन्यांच्या हाती लागणार नाही, याची कायदेशीर हमी हवी.

दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणानुसार एका रुग्णाला ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते. ते मिळायलाच हवे. पण उशिरा झालेल्या निदानासाठी लाखोंची तरतूद करणाऱ्या राज्यसंस्थेने वेळेवरच्या निदानासाठी हात आखडता घ्यावा, यात ना अर्थशास्त्र आहे ना न्याय. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने आजारी अर्भकाचा मोफत तपासणीचा हक्क आधीच मान्य केला आहे. तो आजाराची लक्षणे दिसण्यापूर्वीच्या तपासणीलाही लागू करावा आणि वाराणसी व आसपासच्या जिल्ह्यांत विद्यापीठाच्या साहाय्याने त्याची पहिली पूर्ण साखळी उभारावी. बीसीजीच्या लशीसारखीच ही तपासणी प्रत्येक जन्माबरोबर येणारी नित्याची गोष्ट झाली, तर ती करून घेण्यासाठी कोणत्याही आईबापाला शहाणे, श्रीमंत वा सुदैवी असण्याची गरज उरणार नाही.