व्याधाच्या सोबत्याचें घड्याळ

माघ-फाल्गुनांत रात्रीं जेवणें आटोपल्यावर गच्चीवर यावें आणि मृगनक्षत्राच्या पोटांतील तीन ताऱ्यांची रेषा आग्नेयेकडे वाढवावी, म्हणजे व्याध सांपडतो. रात्रीच्या आकाशांत याहून तेजस्वी तारा दुसरा नाहीं. आज मात्र सांगावयाचें आहे तें त्याच्या सोबत्याविषयीं. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीं.

व्याधाची चाल किंचित् नागमोडी आहे, त्या अर्थीं त्याला ओढणारें कोणी शेजारीं असलें पाहिजे, असें बेसेल या जर्मन ज्योतिर्विदानें १८४४ सालीं ठरविलें. धूमावरून वह्नि ताडावा, तसेंच हें. पुढें १८६२ सालीं अमेरिकेंत क्लार्क यानें नव्या दुर्बिणींतून तो सोबती पाहिला आणि अनुमानाला प्रत्यक्षाची जोड मिळाली. त्याचें वस्तुमान जवळजवळ सूर्याएवढें, पण आकार पृथ्वीहूनही किंचित् लहान! चमचाभर द्रव्य काढलें तर तें दहा टनांहून अधिक भरेल.

आइन्स्टाइनच्या १९१५ च्या सिद्धान्ताप्रमाणें, द्रव्य असें दाटलें कीं त्याच्याभोंवतीं दिक् वांकते व काल मंदावतो. प्रकाशाचें प्रत्येक आंदोलन ही घड्याळाची एक टिकटिक समजा. ती मंदावली कीं तेथून आलेला प्रकाश तांबड्याकडे झुकतो. हा झुकाव किती असावा याचें गणित एडिंग्टननें केलें, १९२५ सालीं ॲडम्सनें वेध घेतला, आणि दोन्ही आंकडे जुळले. सर्वत्र वाहवा झाली. वस्तुतः दोन्ही चुकीचे होते! एडिंग्टननें ताऱ्याची उष्णता कमी व म्हणून आकार मोठा धरला होता. ॲडम्सच्या वेधांत व्याधाचें झगझगीत तेज मिसळलें होतें. उत्तर जुळलें म्हणजे रीत बरोबर, असें समजणारे विद्यार्थी मीं पुष्कळ पाहिले आहेत. त्यांना ही हकीकत अवश्य सांगावी. खरा झुकाव सुमारें चौपट आहे, हें वातावरणाबाहेर फिरणाऱ्या हबल दुर्बिणीच्या वेधांनीं २००५ सालीं पक्कें केलें. म्हणजे त्या ताऱ्याच्या पृष्ठावरील घड्याळ आपल्या एका दिवसांत सुमारें २३ सेकंद मागें पडेल. आणि तें बिघडलेलें मुळींच नसेल.

वैशेषिकांनीं काल एक, नित्य व विभु मानिला. न्यूटनचा कालही सर्वत्र एकच होता. हें मत आतां सोडणें भाग आहे. कोणी ककुद्मी राजाची ब्रह्मलोकाची कथा पुढें करून ‘हें आम्हांस पूर्वींच ठाऊक होतें’ असें म्हणतात. कथा गोड आहे. परंतु तींत ना गणित, ना वेध.

याहून घन तारेही आहेत. न्यूट्रॉन ताऱ्यांत सूर्याहून अधिक द्रव्य वीस-पंचवीस किलोमीटर रुंदीच्या गोळ्यांत कोंबलेलें असतें. आपला तास संपतो तोंवर तेथील घड्याळांत पन्नासएक मिनिटेंच झालेलीं असतील. २००३ सालीं सांपडलेल्या अशा एका जोडींत दोन तारे अडीच तासांच्या आंतच एकमेकांभोंवतीं फेरा पुरा करितात. एकाचे स्पंद दुसऱ्याच्या अगदीं जवळून येऊं लागले म्हणजे ते सेकंदाच्या सुमारें दहाहजाराव्या हिश्श्यानें उशिरां पोहोंचतात, आणि हा उशीर पृथ्वीवरील दुर्बिणींनीं मोजलेला आहे.