पाहुणे आपल्याकडे आले आहेत



जूनच्या सहलीवरून मंडळात जी चर्चा चालू आहे, तिच्याबद्दल कार्यकारिणीने काही बोलू नये असे दोन-तीन ज्येष्ठ सभासदांनी सुचवले. त्यांचा हेतू चांगला आहे. पण वार्षिक सभेत हा विषय निघणारच, तेव्हा आमची बाजू आधी लेखी मांडलेली बरी.

दरवर्षी भारतातून आलेल्या आई-वडिलांना, मित्रमंडळींना घेऊन आपली बस नायगाराला जाते. यंदा ती गेली नाही. यंदा पाहुण्यांना आपले क्लीव्हलंड शहरच दाखवायचे, असे आम्ही ठरवले. बस अर्धी रिकामी गेली, तूट मंडळाच्या शिलकीतून भरावी लागली आणि ‘क्लीव्हलंडमध्ये दाखवणार काय?’ हा प्रश्न व्हॉट्सॲप गटावर बऱ्याच जणांनी विचारला. पहाटे उठून पुरी-भाजीचे डबे बांधून ज्यांनी वर्षानुवर्षे नायगाराच्या सहली पार पाडल्या, त्यांना या निर्णयाने वाईट वाटले असेल तर ते स्वाभाविक आहे. त्यांच्या कष्टांवर मंडळ उभे आहे. नायगाराला नावे ठेवण्याचा तर प्रश्नच नाही.

निर्णयामागचे कारण वेगळे होते. मागच्या उन्हाळ्यात आपल्या एका सभासदांचे कॉलेजातले मित्र सपत्नीक अमेरिकेला आले. न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, नायगारा, मग शिकागो असा त्यांचा बेत होता. नायगाराहून शिकागोला जाताना क्लीव्हलंड वाटेतच लागते. मित्र म्हणाले, दोन दिवस तुझ्याकडे राहतो. आपल्या सभासदांनी फोनवर सांगितले, “इथे काही नाही रे बघण्यासारखं. त्यापेक्षा आम्हीच बफेलोला येतो.” भेट झाली ती हॉटेलच्या लॉबीत, तासाभराची, तीही फोटो काढण्यात आणि पुढच्या गाडीची वेळ बघण्यात गेली. मित्राने यांचे घर पाहिले नाही, मागच्या अंगणातली मेथी पाहिली नाही, मुलांशी चार शब्द बोलला नाही. हे त्या सभासदांनीच कार्यकारिणीच्या बैठकीत हळहळून सांगितले आणि इथे लिहायला परवानगी दिली. बैठकीत त्यानंतर जवळजवळ प्रत्येकाकडे असाच एखादा प्रसंग निघाला.

म्हणजे येणारा माणूस आपल्याला भेटायला येतो आणि आपणच त्याला परतवतो.

क्लीव्हलंडचे नाव फारसे चांगले नाही, हे मान्य आहे. १९५० साली शहराची वस्ती नऊ लाखांवर होती, २०२० च्या जनगणनेत ती पावणेचार लाखांच्या आत आली. कारखाने बंद पडले, माणसे उपनगरांत नाहीतर दुसऱ्या राज्यांत गेली. २२ जून १९६९ रोजी कायाहोगा नदीवरच्या तेलकट तवंगाने पेट घेतला. आग अर्ध्या तासाच्या आत विझली. पण ‘टाइम’ मासिकाने त्या बातमीबरोबर छायाचित्र छापले ते १९५२ च्या, कितीतरी मोठ्या आगीचे. देशभराच्या मनात तेच बसले. १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्यामागे या आगीने उठलेल्या संतापाचाही वाटा होता आणि आज त्याच नदीत मुले होड्या वल्हवतात, हे आपण पाहुण्यांना सांगत नाही, कारण आपल्यातल्या पुष्कळांना ते माहीत नाही.

सहलीत बस फ्लॅट्स भागात नदीकाठी थांबली, तेव्हा शहरालगतच्या सरोवराकडून लोहखनिजाचे एक जहाज आत येत होते. सुपीरियर सरोवरावरच्या बंदरांतला माल घेऊन ही जहाजे इथल्या पोलाद कारखान्यापर्यंत जातात. लांबी सहाशे फुटांहून जास्त, आणि नदी इतकी नागमोडी की एका वळणाचे नावच ‘कोलिजन बेंड’ पडले आहे. पूल वर उचलला गेला, गाड्या खोळंबल्या आणि ते धूड पाण्याखालच्या पंख्यांच्या जोरावर तसूतसूने वळू लागले. मुंबई बंदरात उभी हयात घालवलेले एक काका कठडा धरून उभे होते. “आमच्याकडे याला दोन टग लावले असते,” ते म्हणाले, आणि जहाज वळून दिसेनासे होईपर्यंत जागचे हलले नाहीत. जेवणाची वेळ टळली, पण कोणी कुरकुर केली नाही. काकांचा मुलगा इथे बरीच वर्षे राहतो. हे जहाज त्यानेही त्या दिवशीच पहिल्यांदा पाहिले.

दुपारी कलासंग्रहालयात गेलो. १९१६ साली उघडलेल्या या संग्रहालयात कायमचा संग्रह पाहायला आजही पैसे पडत नाहीत. तिथला चोळकालीन नटराज पाहून दोन मावशींनी चपला काढून हात जोडले. त्याच परिसरात १८८७ साली मायकेलसन आणि मोर्ली यांनी प्रकाशाच्या वेगाचा प्रसिद्ध प्रयोग केला. विज्ञान शाखेच्या प्रत्येकाने तो परीक्षेसाठी पाठ केलेला आहे. तो या गावात झाला, हे बसमध्ये सांगितले तेव्हा एक निवृत्त प्राध्यापक आसनावरून उठून उभेच राहिले.

गावाचे नाव आपणही मोठे करू शकतो; त्यासाठी आपल्याच शहरातल्या तमिळ मंडळींकडे पाहावे. १९७८ साली मोजक्या कुटुंबांनी इथे त्यागराज आराधना सुरू केली. आज ईस्टरच्या सुमारास होणाऱ्या त्या उत्सवाला चेन्नईचे नामवंत गायक-वादक येतात आणि कर्नाटक संगीताच्या जगात क्लीव्हलंडचे नाव मानाने घेतले जाते. गाव देखणे होण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. असे काम आपल्याला जमणार नाही, असे आम्हाला वाटत नाही. मात्र त्यासाठी कार्यक्रमाला यावे लागते. नाव नोंदवून आदल्या रात्री ‘जमत नाही’ असा संदेश पाठवणे बंद व्हायला हवे. बसचे भाडे माणसे मोजून घेतले जात नाही.

आता पुढचे. पुढच्या वर्षी दोन्ही सहली होतील: मे महिन्यात नायगारा, जूनमध्ये क्लीव्हलंड. नायगाराची सूत्रे जुन्याच चमूने हाती घ्यावीत, अशी आमची विनंती आहे. शिवाय ‘पाहुणचार यादी’ सुरू करत आहोत. सभासदांची नोकरी चालू असते आणि पाहुणे दिवसभर घरात बसून राहतात, ही खरी अडचण आहे. निवृत्त सभासदांपैकी ज्यांना आठवड्यातला एखादा दिवस पाहुण्यांना फिरवणे शक्य आहे, त्यांनी नावे द्यावीत. वेस्ट साइड मार्केट, सरोवराचा काठ, पार्माचे शिव-विष्णू मंदिर एवढे एका दिवसात आरामात होते. सोमवारी कलासंग्रहालय बंद असते, बाजारही रोज उघडा नसतो, तेव्हा वार बघून निघावे. विमानतळावरून शहरात थेट रेड लाइनची गाडी आहे, एकट्यादुकट्या पाहुण्याला ती सोयीची पडते. पाहुण्यांचा आरोग्य विमा ते भारतातून निघण्यापूर्वीच काढावा, हे पुन्हा एकदा सांगतो.

नावे आणि मोबाइल क्रमांक ऑगस्टअखेर सचिवांकडे द्यावेत. ज्यांची या वर्षीची वर्गणी राहिली आहे, त्यांनी ती गणपतीआधी खजिनदारांकडे भरावी. सभागृहाची अनामत त्याच आठवड्यात द्यायची आहे.

— संपादक, कार्यकारिणीच्या वतीने