पारा छत्तीसचा, घाम त्रेचाळीसचा

कोकण-गोवा विभागासाठी हवामान खात्याचा अंदाज येतो, ‘उष्ण व दमट हवामान राहील, पारा 36 ते 37 अंश’, आणि आमच्या खमरियाकडे लोक हसतात. जबलपुरात मे महिन्यात 43 अंश म्हणजे काही नवल नव्हे. लू चालते, तरी डोक्याला गमछा बांधून, पन्हे पिऊन माणूस पाळीवर हजर होतो. मग 36 अंशांना इशारा मागणारा अंबरनाथचा किंवा मुंबई डॉकयार्डचा कामगार बंधू नाजूक, असा हिशेब सहज मांडला जातो. आपसातल्या थट्टेपुरता तो राहिला असता तर लिहिण्याचे कारण नव्हते. पण मागणी घेऊन गेले की टेबलापलीकडूनही हाच हिशेब ऐकू येतो, म्हणून तो तपासला पाहिजे.

शरीर थंड होते ते घामाने, आणि घाम वाळला तरच. हवेतच पाणी भरलेले असेल तर घाम नुसता निथळतो, थंडावा देत नाही. हे मोजायचे साधन साधे आहे: थर्मामीटरच्या टोकाला ओले कापड गुंडाळायचे. जबलपूरच्या 43 अंशांत आर्द्रता 15 टक्के असेल तर हा ओला थर्मामीटर सुमारे 23 अंश दाखवतो. मुंबईच्या 36 अंशांत आर्द्रता 60 टक्के असेल तर तोच 29 अंशांच्या वर जातो. लू माणूस मारते, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. पण 36 अंशांतला वेल्डर जहाजाच्या पोटात, वारा नसलेल्या टाकीत काम करतो तेव्हा त्याच्या अंगाला सुटकेची वाटच उरत नाही. अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठात निरोगी तरुणांवर झालेल्या प्रयोगांत, 2022 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे, दमट हवेत साधारण 31 अंश ओल्या तापमानालाच शरीराचा तोल सुटू लागला. ते तरुण अगदी हलके काम करत होते. हातोडा मारत नव्हते.

दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या माणसाला हा ओला थर्मामीटर परका नाही. स्फोटके हाताळणाऱ्या शेडमध्ये हवेतली आर्द्रता रोज पाहिली जाते. हवा फार कोरडी झाली तर स्थिर विजेच्या ठिणगीचे भय, फार दमट झाली तर दारू ओल धरते. म्हणजे बारुदाची तब्येत सांभाळण्यासाठी आर्द्रता मोजणे ही या धंद्यातली जुनी शिस्त आहे. तोच आकडा त्याच शेडमधल्या माणसासाठी वाचायला नवे यंत्र लागत नाही, नवी पदनिर्मितीही लागत नाही.

आता अंदाजाकडे. मैदानी भागात कमाल तापमान 40 अंश किंवा जास्त असल्याशिवाय हवामान खाते उष्णतेची लाट म्हणत नाही. किनाऱ्यासाठी ही मर्यादा 37 आहे, आणि तापमान सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वर असावे लागते. किनाऱ्याचे माप वेगळे हवे, हे खात्याने मान्य केले आहे. खाते दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचे अनुमान देते, उन्हाळ्याच्या तोंडावर संपूर्ण हंगामाचेही देते. 2025 साली तर फेब्रुवारी संपण्याआधीच मुंबई-ठाण्यासाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा निघाला. आणि आपल्याकडे थंड पाण्याची, कूलरची फाइल कधी हलते? सहसा एप्रिलमध्ये.

काय होऊ शकते ते 16 एप्रिल 2023 रोजी खारघरला दिसले. महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यासाठी लोक भर दुपारी मोकळ्या मैदानात तासन् तास बसले होते. तापमान 38 अंशांच्या आसपास असल्याच्या बातम्या होत्या, म्हणजे जबलपूरच्या मानाने बरा दिवस. उष्माघाताने 14 माणसे गेली. ती बसलेली होती, ओझी उचलत नव्हती.

कायदा याबाबत अगदी मुका नव्हता. 1948 च्या फॅक्टरी ॲक्टखालच्या मॉडेल रूल्समध्ये कामाच्या खोलीत ओल्या थर्मामीटरचा आकडा 30 अंशांपुढे जाऊ नये असे लिहिले होते. 250 पेक्षा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात उन्हाळ्यात थंड पाणी देणे बंधनकारक होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा नव्या श्रम संहितेने घेतली. नव्या नियमांत हा 30 चा आकडा ठळकपणे, आणि उघड्यावरच्या कामालाही लागू होईल असा, राहिला पाहिजे. ‘योग्य तापमान ठेवावे’ एवढ्या मोघम शब्दांवर आपण सही करता कामा नये. कतार हा काही कामगारांचा स्वर्ग नव्हे. तरी तिथे 2021 पासून ऊन, आर्द्रता व वारा मिळून काढलेला निर्देशांक 32.1 च्या वर गेला की उघड्यावरचे काम थांबवण्याचा नियम आहे. आपल्याकडे केंद्रीय श्रम मंत्रालयाने 2023 च्या एप्रिलमध्ये राज्यांना पत्र पाठवले: कामाच्या वेळा बदला, पिण्याचे पाणी ठेवा. पत्र चांगले होते. पण पत्राला दंड नसतो.

खरी गाठ मजुरीची आहे. पीसवर्कवरचा कामगार विश्रांती घेत नाही, कारण बसलेला प्रत्येक क्वार्टर त्याच्या पाकिटातून जातो. ठेकेदाराच्या माणसाचे तर विचारूच नका. तो बसला तर उद्या त्याच्या जागी दुसरा असतो. म्हणून ‘विश्रांती द्या’ ही मागणी अपुरी आहे. इशाऱ्याच्या दिवशीचा विश्रांतीचा वेळ पीसवर्कच्या हिशेबात कामाचा वेळ म्हणून धरला जावा आणि ठेकेदारीतल्या कामगारालाही तो मिळावा, अशी मागणी असली पाहिजे.

किनाऱ्यावरच्या आपल्या युनियनांनी फेब्रुवारीच्या सुरक्षा समितीच्या सभेतच हा विषय लेखी द्यावा: गुरुवारचे अनुमान शुक्रवारी सकाळी प्रत्येक शॉपच्या फलकावर, शेजारी त्या शॉपचा ओल्या थर्मामीटरचा आकडा, आणि त्या आकड्यावर काम कधी थांबणार हे ठरवून त्याखाली व्यवस्थापनाची सही. जबलपूर, इटारसी, भंडारा इथल्या आपण मंडळींनी आपले 43 अंश घेऊन त्यांच्या मागणीला पाठिंब्याचा ठराव पाठवावा. आपल्याकडेही पहिला पाऊस पडून ऊन परत आले की जूनच्या अखेरीस शेडमध्ये काय होते, ते सर्वांना ठाऊक आहे.