ठिपक्यांचं विमान

परवा काकांचा पुन्हा एक फॉरवर्ड आला. तोच तो विमानाचा फोटो, अंगावर गोवर उठल्यासारखे लाल ठिपके, आणि खाली ती गोष्ट. तुम्हीही वाचलीच असणार. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीवर बॉम्ब टाकून परतलेल्या अमेरिकन विमानांना जिथे भोकं पडली होती तिथे जाड पत्रा लावा, असं सेनाधिकारी म्हणाले. मग अब्राहम वाल्ड नावाचा गणिती म्हणाला, अहो, जिथे भोकं नाहीत तिथे लावा, कारण तिथे गोळी लागलेली विमानं परत आलीच नाहीत. टाळ्या. पुण्यातल्या कंपन्यांच्या ट्रेनिंगमध्ये ही गोष्ट झाल्याशिवाय चहा-समोसे येत नाहीत म्हणे.

आधी कबुली देतो. मीही ती सांगितली आहे. यंत्रांचे भाग कधी आणि का निकामी होतात हे शोधणं हा माझा धंदा, आणि पीएचडीच्या डिफेन्सला मी पहिली स्लाइड हीच लावली होती. लोक हसले, मी खूश. आज त्या स्लाइडची लाज वाटते.

फोटोपासूनच सुरुवात करू. त्यातल्या विमानाला दोन इंजिनं आहेत. जर्मनीवर जाणारी अमेरिकेची जड बॉम्बर विमानं म्हणजे बी-१७ आणि बी-२४, आणि दोघांनाही चार इंजिनं. ठिपकेही खऱ्या विमानावर मोजलेले नाहीत. मुद्दा समजावा म्हणून इंटरनेटच्या जमान्यात कुणीतरी काढलेले आहेत. वाल्डने १९४३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात लिहिलेली टिपणं खरी आहेत, पण त्यात ना मूर्ख जनरल आहे ना टाळीचं वाक्य. आहे ते रुक्ष गणित. समजा ४०० विमानं गेली, ३८० परतली, परतलेल्यांना इतक्या गोळ्या लागल्या होत्या, तर एका गोळीत विमान पडण्याची शक्यता किती? सुंदर काम आहे. वाल्डशी माझं भांडण नाहीच.

माझं भांडण ह्या गोष्टीशी आहे. ती आपल्याला असं पटवते की ती पोरं मेली कारण कुणाला तरी आकडे वाचता येत नव्हते, आणि मग एक हुशार माणूस आला. साफ खोटं. आकडे सगळ्यांना वाचता येत होते.

१७ ऑगस्ट १९४३ रोजी आठव्या हवाई दलाची ३७६ बी-१७ विमानं इंग्लंडहून निघाली. काही रेगेन्सबुर्गच्या विमान कारखान्यावर, बाकीची श्वाइनफुर्टच्या बॉल बेअरिंग कारखान्यांवर. ६० परत आली नाहीत. १४ ऑक्टोबरला पुन्हा श्वाइनफुर्ट. ह्या वेळी २९१ निघाली, आणि पुन्हा ६० गेली. एका विमानात दहा माणसं. म्हणजे एका दुपारी सहाशे खाटा रिकाम्या. ह्यात न दिसलेलं भोक कुठलं? मेसमधल्या वाढप्यालाही कळत होतं. तरीही दलाचे प्रमुख आयकर यांनी हे अरिष्ट नाही अशा अर्थाचाच अहवाल वर पाठवला.

तेव्हा २५ मोहिमा केल्या की घरी जायला मिळे. दर मोहिमेला शंभरातली पाच विमानं पडतात असं धरा आणि कॅल्क्युलेटरवर ०.९५ चा २५ वा घात काढा. उत्तर ०.२८ येतं. हे गणित त्या पोरांनी बराकीत पेन्सिलीने केलं होतं, त्यांना कोलंबियाची गरज नव्हती.

मागच्या उन्हाळ्यात आई-बाबा आले होते तेव्हा त्यांना ओहायोतल्या डेटनच्या हवाई दल संग्रहालयात घेऊन गेलो. तिथे 'मेम्फिस बेल' आहे, मे १९४३ मध्ये २५ मोहिमा पुऱ्या करणारं आणि मग अमेरिकाभर मिरवलेलं बी-१७. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. पंखाकडे कुणी बघितलं नसेल इतका वेळ बघून म्हणाले, "पत्रा एवढासाच? आणि दहा माणसं बसायची कुठे?"

बसायची नाहीतच, अर्धी उभी असायची. केबिनमध्ये हवेचा दाब नाही, हीटिंग जवळपास नाही. पंचवीस हजार फुटांवर, उणे ४० अंशांत, सुरुवातीच्या मॉडेलमध्ये मधले दोन गनर उघड्या खिडकीशी उभे. विजेवर तापणारा सूट असे, पण त्याची तार तुटली की पाय गेला. ऑक्सिजनच्या मास्कमध्ये श्वासाचा बर्फ होई. सुरुवातीच्या काळात शत्रूच्या माऱ्याने जखमी होणाऱ्यांपेक्षा हिमदंशाने जायबंदी होणारे जास्त होते. पोटाखालच्या गोल टरेटमध्ये एक बुटका पोरगा गुडघे छातीशी घेऊन, आणि बहुधा त्याचं पॅराशूट वर विमानात, कारण आत जागाच नाही.

गोष्टच सांगायची हौस असेल तर डॉक्टर माल्कम ग्रो यांची सांगा की! आठव्या हवाई दलाचे मुख्य सर्जन. त्यांनी विमानं नाही, माणसांच्या जखमा बघितल्या. बऱ्याचशा जखमा कमी वेगाच्या तुकड्यांच्या, म्हणजे अडवता येण्यासारख्या निघाल्या. मग विल्किन्सन स्वोर्ड ह्या कंपनीकडून, हो, दाढीच्या ब्लेडवाल्याच, मॅंगनीज पोलादाच्या छोट्या पट्ट्या कापडात शिवून जाकिटं करून घेतली. ह्यावर कुणी फॉरवर्ड करत नाही, कारण त्यात मूर्ख ठरवायला कुणी नाही.

आणि जाड पत्रा लावण्याचा प्रयोग? तोही झाला. १९४३ मध्ये वायबी-४० नावाने बी-१७ वरच जास्तीच्या मशीनगना आणि जास्तीचं चिलखत चढवलं. बाकीची विमानं बॉम्ब टाकून हलकी झाली की हे धूड मागे रेंगाळायचं. काही महिन्यांतच गुंडाळलं. नाकाखालचा टरेट तेवढा पुढे बी-१७जी वर आला.

खरी चूक पत्र्यात नव्हती. युद्धाआधीपासून तिथल्या हवाई दलाची श्रद्धा होती की विमानं एकमेकांना चिकटून उडाली, प्रत्येकावर दहा-बारा मशीनगना असल्या, की सोबतीला फायटर लागत नाहीत. नावच 'फ्लाइंग फोर्ट्रेस', उडता किल्ला. आमच्या सह्याद्रीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की खाली फिरती फौज नसेल तर किल्ला पडतो. १४ ऑक्टोबरला सोबतची पी-४७ विमानं इंधनापायी आखेनच्या आसपास मागे फिरली, आणि जर्मन फायटर नेमके त्याच्याच पुढे वाट बघत होते. त्यानंतरच खोल जर्मनीतले असे विनासोबत हल्ले थांबले. डिसेंबरपासून रोल्स-रॉइसच्या मर्लिन इंजिनाचं पी-५१ आलं, जास्तीच्या टाक्या लावून ते बर्लिनपर्यंत जाऊ लागलं. तरी ६ मार्च १९४४ ला बर्लिनवर ६९ बॉम्बर गेलीच.

आता ह्यातली मला सगळ्यात चीड आणणारी गोष्ट. जगण्याची शक्यता जरा वाढली, तर नव्या प्रमुखांनी, डूलिटल यांनी, घरी जाण्याची अट २५ वरून ३० मोहिमांवर नेली. नंतर ३५. आकडे उत्तम वाचले गेले होते. फक्त कुणासाठी वाचले ते बघा. आठव्या हवाई दलाचे एकूण सुमारे २६,००० जण मेले. ज्यांच्या डोक्यावर ते बॉम्ब पडले त्यांचा हिशोब तर कुठल्याच स्लाइडवर नसतो.

वाल्ड बिचारा ज्यू, घरची बहुतेक माणसं नाझींनी मारलेली. डिसेंबर १९५० मध्ये भारतात व्याख्यानांसाठी आला असताना त्याचं आणि बायकोचं विमान नीलगिरीच्या डोंगरात कोसळलं. ही गोष्ट आपल्या देशात घडली, पण तीही फॉरवर्डमध्ये नाही.

काकांना हे सगळं लिहून पाठवलं. त्यांनी अंगठा पाठवला. तुमच्या ऑफिसात पुढच्या ट्रेनिंगला तो फोटो लावला तर एक करा. आधी इंजिनं मोजा, मग ट्रेनरला विचारा आत माणसं किती होती. समोसे थंड झाले तर मी पैसे देईन.