भोपळा

लग्नाला मुहूर्त लागतो, मुंजीला लागतो; वाढदिवसाला हल्ली 'थीम' लागते. कन्येला पाच वर्षं पूर्ण होणार म्हटल्यावर आमच्या घरात ठराव आला, "यंदा परीकथा!" सूचक सौभाग्यवती, अनुमोदक कन्या. मी बँकेतला कारकून. आलेल्या कागदावर शिक्का मारणं एवढंच माझ्या हाती. मारला. 22,000 रुपयांचा.

त्यात काय आलं? पुठ्ठ्याचा राजवाडा, फुग्यांची कमान, पंखवाली एक परी (तासाच्या दराने) आणि सोनेरी रंगाचा भोपळा. त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढला की झाली पोरगी सिंड्रेला!

मी बी.कॉम. झालेला माणूस, मला ही कथा पहिल्यापासून कर्जप्रकरणच वाटत आली आहे. तारण नाही, जामीन नाही, परीने रथ मंजूर केला. मुदत रात्री बारापर्यंत. आमच्या हॉलवाल्याची मुदत तर नऊचीच होती.

भोपळ्याचा रथ आणि काचेचा बूट शार्ल पेरो या फ्रेंच गृहस्थाने 1697 साली छापला. जर्मनीच्या ग्रिम बंधूंच्या कथेत परीही नाही आणि भोपळाही नाही. आईच्या थडग्यावर वाढलेलं झाड आहे, पाखरं आहेत. बूट सोन्याचा; तो पायात जावा म्हणून एक सावत्र बहीण पायाचं बोट कापते, दुसरी टाच. आता करा याची थीम!

माझं भांडण नेमकं इथेच आहे. गोष्टीत भीती असते, म्हणून तर मूल सांगणाऱ्याच्या मांडीला येऊन चिकटतं. थीममध्ये ती भीती काढून फुगे भरतात. मग चिकटायचं कशाला? मुलांची हौस म्हणता? छे! सगळा वेळ मुलं फुगे फोडत होती. राजवाड्यापुढे फोटोसाठी रांग होती ती आयाबापांची. गोष्ट सांगायला वेळ लागतो. तो आपल्याकडे नाही, म्हणून आपण पैसे मोजतो आणि वर त्याला कौतुक म्हणतो. मी तरी वेगळा कुठे आहे?

केक कापून झाल्यावर कन्येने विचारलं, "बाबा, ही परी गोष्ट का नाही सांगत?"

मी चौकशी केली. गोष्टीचे पैसे वेगळे होते.

माझी आई, आम्हीच नेमून दिल्याप्रमाणे, दाराशी खुर्चीवर बसून रिटर्न गिफ्टं वाटत होती. रात्री घरी आल्यावर नात तिच्या कुशीत शिरली. आईनेही भोपळाच काढला. पण आपला, लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीचा. सोनेरी रंग नाही, घोडे नाहीत. आत म्हातारी, बाहेर वाघ.

मी हिशेब मांडत होतो. 22,000 रुपयांत गोष्टीच्या रकान्यात भोपळाच होता! वही मिटली आणि उठलो. वाघाने भोपळा अडवला तेव्हा कन्या आजीला आणखी चिकटली. खरं सांगतो, मीही जरा सरकलोच.