वय थांबले तर?

मुलांनो, तुमच्यापैकी बरेच जण मोबाइलवर किंवा संगणकावर खेळ खेळत असतील. त्यांतले पुष्कळ खेळ शर्यतीचे किंवा लढाईचे असतात. पण एक खेळ असाही आहे, की ज्यात कोणाला हरवायचे नसते. त्यात फक्त जगायचे असते. घर बांधायचे, स्वयंपाक करायचा, शेजाऱ्यांशी बोलायचे, कामाला जायचे, मुले वाढवायची. या खेळातली माणसे आपल्यासारखीच वयाने वाढतात आणि म्हातारी होतात. अशा खेळाला आपण 'जीवनखेळ' म्हणू. मला आज या खेळातल्या वयाविषयी थोडे बोलायचे आहे. कारण गेल्या मे महिन्याच्या सुटीत माझ्या भाचीने मला एक प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर मला पटकन देता आले नाही.

आमचे घर घोलवडला आहे. पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्यातले हे समुद्रकाठचे गाव. मुंबईकडून येताना डहाणू रोडच्या पुढचे स्टेशन घोलवडचे. हे गाव चिकूसाठी प्रसिद्ध आहे. येथील चिकूला २०१६ साली 'डहाणू-घोलवड चिकू' या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले. आमचीही चिकूची लहानशी वाडी आहे. माझे वडील ती सांभाळत असत. दोन वर्षांपूर्वी ते वारले.

सुटीत भाची घरी आली होती. एका दुपारी ती संगणकापुढे बसली होती. मी मागे जाऊन उभा राहिलो. पडद्यावर तांबड्या छपराचे एक घर होते. घरापुढे बाग होती. पांढऱ्या केसांचा, चष्मा लावलेला एक म्हातारा माणूस झाडांना पाणी घालत होता. त्याच्याजवळ एक लहान मुलगी उभी होती. मी त्या म्हाताऱ्याकडे पाहतच राहिलो.

"हे आजोबा ना?" मी विचारले.

"हो मामा. आजोबा गेले, त्या सुटीत मी त्यांना केले. आणि ही मी."

थोडा वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, "खेळात म्हातारी माणसे काही दिवसांनी मरतात. पण वय वाढू नये अशी सोय यात आहे. मी ते वाढणे बंद करून ठेवले आहे. मामा, हे चूक आहे का?"

ते तिचे आजोबा होते, तसे माझे वडीलही होते. खरे सांगायचे तर, ते बटण बंदच राहू दे, असे मलाही क्षणभर वाटले. म्हणून मी म्हणालो, "विचार करून सांगतो." आणि मी तो खेळ नीट समजून घेतला.

या खेळाचे नाव 'द सिम्स'. विल राइट या अमेरिकन माणसाने तो तयार केला. १९९१ साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंड येथे मोठी आग लागली. त्या आगीत त्याचे घर जळून गेले. संसार पुन्हा मांडताना कोणती वस्तू आधी घ्यावी, ती आपल्याला कशासाठी लागते, याचा विचार तो करू लागला. त्यातूनच पुढे हा खेळ तयार झाला आणि २००० साली तो बाजारात आला.

त्या पहिल्या खेळात एक उणीव होती. पाळण्यातले बाळ तीन दिवसांत शाळकरी मूल होई आणि मग तिथेच थांबे. ते कधीच मोठे होत नसे. मोठी माणसे म्हातारी होत नसत. २००४ साली खेळाचा दुसरा भाग आला आणि त्यात ही उणीव दूर झाली. आता बाळ, रांगते मूल, शाळकरी मूल, किशोर, प्रौढ आणि वृद्ध अशा पायऱ्या आल्या. मुलाच्या चेहऱ्यात आईवडिलांची ठेवण दिसू लागली. नातवंडे आली, पतवंडे आली. वय आले आणि खेळात पिढ्या आल्या. म्हणजे वय वाढणे ही या खेळातली अडचण नाही. त्याच्यामुळेच खेळाला जीवनाचे रूप आले.

पुढची गोष्ट आणखी बोलकी आहे. २०१४ साली या खेळाचा चौथा भाग आला. माझी भाची खेळते तो हाच. त्यात सुरुवातीला बाळ पाळण्यातून निघाले, की एकदम शाळेत जाण्याएवढे होई. मधली वर्षे गाळलेली होती. खेळणाऱ्या लोकांना हे आवडले नाही. आमचे मूल चालायला, बोलायला कधी शिकले, असे त्यांना वाटले. शेवटी २०१७ साली खेळात दुडुदुडु चालणारी मुले आली आणि २०२३ साली रांगणारी बाळेही आली. लोकांना झटपट मोठी होणारी मुले नको होती. त्यांना मुलांचे बालपण हवे होते.

हे वाचताना मला आमच्या शेजारच्या बोर्डी गावाची आठवण झाली. खेळ तयार करणाऱ्यांनी जी वर्षे गाळली, त्याच वर्षांसाठी दोन स्त्रियांनी आपले आयुष्य दिले. एक ताराबाई मोडक आणि दुसऱ्या अनुताई वाघ. १९४५ साली त्यांनी बोर्डीत खेड्यातल्या लहान मुलांसाठी बालवाडीचे काम सुरू केले. शाळेत जाण्याआधी मूल काय शिकणार, असे तेव्हा अनेकांना वाटत असे. गरीब घरांतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' ही कल्पना अशी रुजली. महागडी साधने तर नव्हतीच. मग पाने, बिया, खडे आणि शिंपले हीच त्यांची साधने झाली. पुढे १९५७ साली हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि तेथे आदिवासी मुलांसाठी वाढले. मुलाच्या वाढीतली एकही पायरी गाळता येत नाही, हे आमच्या भागाने त्यांच्याकडून शिकले आहे.

इथपर्यंत खेळ आणि जीवन बरोबर चालतात. पण एका बाबतीत खेळ आपल्याला फसवतो. खेळात आपण ज्या माणसाला चालवत असतो, त्याच्या डोक्यावर एक हिरवा स्फटिक तरंगत असतो. त्याला भूक किती लागली, झोप किती हवी, एकटे वाटते का, हे सारे पडद्यावरच्या रंगीत पट्ट्या दाखवतात. पट्टी तांबडी झाली, की त्याला काय हवे ते आपल्याला कळते. वाढदिवसाच्या मेणबत्त्या फुंकल्या, की मूल एका क्षणात मोठे होते.

खऱ्या माणसाच्या डोक्यावर असा स्फटिक नसतो. आपण केव्हा वाढलो हे आपल्यालाही कळत नाही. या बाबतीत मला माणूस चिकूसारखा वाटतो. आंबा पिकला की बहुधा रंग बदलतो. चिकू मात्र बाहेरून तपकिरी तो तपकिरीच. तो तयार झाला की नाही, हे दुरून पाहून ओळखणे कठीण. हाताने चोळले, की त्याच्या सालीवरचा भुसा निघतो. नखाने हळूच ओरखडा काढला आणि आत हिरवे दिसले, तर फळ कच्चे. पिवळसर दिसले, तर तयार. म्हणजे जवळ जावे लागते, हात लावावा लागतो. घरातल्या माणसांचेही तसेच आहे. आजी थकली आहे, धाकटा भाऊ घाबरला आहे, अब्बांना कसली तरी काळजी आहे, हे कोणतीही पट्टी सांगणार नाही. त्यासाठी जवळ बसावे लागेल आणि विचारावे लागेल.

आता भाचीच्या प्रश्नाकडे येतो. दुसऱ्या दिवशी मी तिच्याजवळ बसलो आणि विचारले, "वय बंद केल्यापासून तुझ्या या घरात काय काय झाले?"

ती म्हणाली, "काहीच नाही मामा. आजोबा रोज पाणी घालतात. फळे काढतात. झोपतात."

"आणि ही मुलगी?"

"ती रोज शाळेत जाते. तिला चांगले गुणही मिळतात. पण ती तेवढीच आहे." मग ती जरा थांबली आणि म्हणाली, "मी आता सातवीत गेले. ती अजून दहाच वर्षांची आहे."

तिचे उत्तर तिनेच दिले होते. तिने थांबवले होते आजोबांचे वय. पण त्या घरात सगळ्यांचेच वय थांबले होते. एकाला जाऊ द्यायचे नाही म्हणून दुसऱ्याचे मोठे होणेही अडले होते. खेळात एकेकाला वाढदिवसाचा केक देऊन पुढे नेता येते, पण आपोआप कोणी वाढत नाही.

मी तिला म्हणालो, "तू काही वाईट केलेले नाहीस. आजोबांचा फोटो आपण भिंतीवर लावलाच आहे. फोटोतलेही वय थांबलेलेच असते. हे घर तुझा फोटो आहे असे समज. पण फोटो रोज सांभाळत बसायचे आणि आपण मोठे व्हायचे नाही, हे काही आजोबांना आवडले नसते."

काही जण म्हणतील, खेळ तो खेळ. त्यात वय चालू ठेवले काय आणि बंद केले काय! त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. खेळातल्या मृत्यूने कोणाचे नुकसान होत नाही. १९९६ साली जपानमध्ये 'तामागोची' नावाचे खिशात मावणारे खेळणे निघाले. त्यातल्या पिल्लाला वेळेवर खायला दिले नाही, तर ते मरत असे. तेव्हाही मोठी माणसे म्हणत, की ते तर यंत्र आहे, त्यासाठी रडायचे कशाला? पण मुलांचे रडणे खरे होते. खेळ खोटा असला, तरी खेळताना लागलेली सवय खरी असते. न आवडणारी गोष्ट बटण दाबून थांबवायची, अशी सवय लागली, तर बटण नसलेल्या जगात आपण गोंधळून जाऊ. म्हणून माझे मत असे आहे, की जीवनखेळ जरूर खेळावा, पण त्यातले वय चालू ठेवून खेळावा. दिवस मोजके आहेत हे कळले, म्हणजे आज कोणाशी बोलायचे आणि कोणते काम पुढे ढकलायचे, हे माणूस नीट ठरवतो.

संध्याकाळी भाचीने खेळ पुन्हा उघडला. आजोबांचे वय तिने बंदच ठेवले. मी काही बोललो नाही. पण तिने एक केक केला आणि त्या लहान मुलीला मेणबत्त्या फुंकायला लावल्या. ती मुलगी मोठी झाली. आजोबा टाळ्या वाजवत होते.

मग आम्ही दोघे वाडीत गेलो. वडिलांनी लावलेल्या कलमांपैकी एक कलम आता माझ्या खांद्याच्या वर गेले आहे. चिकूचे कलम खिरणीच्या रोपावर बांधतात. ते लावल्यावर काही वर्षे धीर धरावा लागतो, पण मग झाड अनेक वर्षे फळ देते. भाचीने खालच्या फांदीवरचे एक फळ हातात धरले, भुसा चोळला, नखाने बारीक ओरखडा काढला आणि म्हणाली, "अजून हिरवे आहे मामा. राहू दे."

मी तिला हे कधी शिकवले नव्हते. ते फळ आम्ही झाडावरच ठेवले आणि घरी आलो.

मुलांनो, तुमच्या घरीही कोणी दादा, नाना किंवा आजी असतील. त्यांच्या हातात एखादे काम असेल, जिभेवर एखादी जुनी गोष्ट असेल. आज खेळ थोडा लवकर बंद करा आणि त्यांच्याजवळ जाऊन बसा. त्यांना काय येते ते विचारा. त्यांचे वय आपल्याला थांबवता येत नाही, पण त्यांच्याकडचे शिकून घेता येते.